न हादरणारी

शर्वरी नंदनवारला मोडायचं असेल तर तिच्या बाबांना हात लावावा लागतो, हे 'डाव' या सट्ट्याच्या अ‍ॅपवर जाहीर झालं त्या सकाळी ती होस्टेलच्या मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी होती. तिची रूममेट आणि संघातली जोडीदार तेजल भोयर फोन नाचवत आली.

"शरे, तुझे हादरे आले बे! पहिल्या नंबरवर कोण असंल सांग?"

"इंटर्नलचे मार्क?"

"बाबा! तुझे पवनीवाले बाबा. दुसऱ्या नंबरवर पण बाबाच. तिसऱ्यावर आई, ते पण बाबांविषयी बोलली तरच."

दोघी इतक्या हसल्या की पुढच्या मुलीच्या ताटलीतले पोहे सांडले.

खेळावरच्या सट्ट्याला कायद्याने मुभा मिळून तेव्हा काही वर्षं झाली होती. सामना कोण जिंकणार, यावर पैसे लावण्यात लोकांना आता चव उरली नव्हती. पुढचा एक चेंडू रिंगमधून खाली पडतो की नाही, यावर पैज लागायची, आणि त्यासाठी बास्केटबॉलसारखा खेळ नाही. समोरच्याने फाउल केला की तुम्हाला फ्री थ्रो मिळतो. रेषेवर एकट्याने उभं राहायचं, अडवायला कुणी नाही, रिंग तीच, अंतर तेच. ज्याचा सराव झालाय त्याचा हात चुकायचं कारणच नसतं. तरी चुकतो. का चुकतो, याचं उत्तर 'डाव'च्या मशीनने शोधलं होतं.

स्वस्थ माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे पडत नाहीत. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमीजास्त होत असतं; श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. मेंदूतून हृदयाकडे उतरणारा एक मज्जातंतू ही ढील देत-घेत असतो, पतंग उडवणाऱ्याच्या हातासारखा. मनावर घाव बसला की तो ढील द्यायचं थांबवतो आणि ठोके एकसारखे, ताठ पडू लागतात. तो ताठपणा खांद्यातून मनगटात उतरतो. मनगटात केसाएवढा फरक पडला की चेंडू रिंगच्या कडेवर आपटून बाहेर.

शर्वरी खेळायची त्या कॉलेज लीगमधल्या प्रत्येक खेळाडूच्या गळ्याच्या हाडाखाली नखाएवढी पट्टी चिकटवलेली असे. आरोग्यासाठी, असं करारात लिहिलेलं होतं. पट्टी ठोके मोजायची. मशीन ते ठोके आणि खेळाडूच्या आयुष्यातल्या घटना शेजारी शेजारी ठेवायचं. कुणाचा फोन आला, कुणाशी बोलणं थांबलं, कुणाच्या घरी आजारपण आहे. वर्षभरात त्याला कळायचं की या माणसाला नेमकं काय हादरवतं. पैजा लावणाऱ्या सगळ्यांना सारखीच माहिती मिळाली पाहिजे असा ग्राहकहिताचा नियम होता, म्हणून ते 'हादरे' नावाचं पान सगळ्यांना खुलं होतं. खेळाडूच्या हिताचा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दामोदर नंदनवार पवनीच्या शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. शाळेच्या मैदानात त्यांनी स्वतःच्या हाताने रिंग ठोकली होती आणि मुलगी सात वर्षांची असल्यापासून तिला त्याखाली उभी केली होती. आपण पहिल्या नंबरवर आहोत हे कळल्यावर त्यांनी नागपूरला फोन लावला.

"शरू, अख्ख्या पवनीले सांगितलं मी. मशीनने सिद्ध केलं म्हटलं, माझ्या पोरीचा जीव माझ्यात आहे म्हणून!"

"बाबा, त्यात काय सांगायचं असतं?"

"कोणाच्या बापाचं निघालं असं? सांग बरं."

अमरावतीच्या कॉलेजशी सामना होता त्या दिवशी वॉर्मअप चालू असताना तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई घाबरलेली होती. नंदनवार सर बाजारात कोसळले, रिक्षात घातलंय, तोंड वाकडं झालंय, तुम्ही कोण त्यांच्या? शर्वरीने आईला फोन लावला, लागला नाही. बाबांना लावला, लागला नाही. तेवढ्यात शिट्टी झाली. त्या दिवशी तिला सहा फ्री थ्रो मिळाले आणि एकही आत गेला नाही. प्रत्येक चेंडू बाहेर पडला की स्टँडमधले काही लोक उड्या मारत होते. त्यांच्यातले निम्मे तिच्याच कॉलेजचे होते.

सामन्यानंतर बाबांचा फोन लागला. ते टीव्हीसमोर बसून ओरडत होते. "मनगट काऊन आखडून राहिली होती तू? काय झालं?"

तिने सांगितलं. बाबा आधी हसले, मग त्यांनी टीव्ही बंद केला.

त्यावर त्यांनीच उपाय काढला. आता आवाजही हुबेहूब बनवता येतो, म्हणून एक शब्द ठरवायचा. खरंच काही झालं तर आई किंवा बाबा तो शब्द म्हणतील. नाही म्हटला तर सगळं खोटं. वैनगंगेच्या पात्रातली टरबुजं बाबांना फार आवडायची, म्हणून शब्द ठरला 'टरबूज'. शर्वरीला हसू आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला आपण टरबुजाने हरवणार.

पुढच्याच महिन्यात, सामना सुरू व्हायच्या बेतात असताना, आईचा फोन आला. आई रडत होती. "शरू, बाबांचं काही खरं नाही गं. टरबूज, शरू, टरबूज."

शर्वरीने तरीही खात्री करायला उलटा फोन लावला. तो मामाने उचलला, तोही रडत होता. तिने बूटसुद्धा बदलले नाहीत. टॅक्सी करून तडक पवनी गाठली. घरापुढे उतरली तेव्हा बाबा अंगणातल्या नळाला पाइप लावून सायकल धूत होते.

"अरे!" ते म्हणाले. "मॅच नाही का आज?"

ती तिथेच चिखलात बसली. आईच्या नंबरचं दुसरं सिमकार्ड कुणीतरी काढलं होतं. तिने केलेला फोन दुसरीकडेच गेला होता आणि मामाचा आवाजही बनवलेला होता. ते तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो शब्द बाबांना माहीत होता, आईला माहीत होता, तिला माहीत होता आणि तिने हसत हसत तेजलला सांगितला होता.

तेजलने नाकारलं नाही. ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती.

"किती मिळाले?" शर्वरीने विचारलं.

"पैशासाठी नाही केलं."

"मग कायले केलं?"

"माझे हादरे पाहिलेस कधी?" तेजल म्हणाली. "रिकामं पान आहे. लिहिलंय, पुरेशी माहिती नाही. दोन वर्षं झाली शरे, माझ्या नावावर कोणी रुपया लावत नाही. माझ्या आयुष्यात काय होतं त्याने कोणाला फरकच पडत नाही. त्या सट्टेवाल्या माणसाने फोन केला, तेव्हा तो अर्धा तास माझ्याशी बोलला. अर्धा तास. तू कशी आहेस, जेवलीस का, विचारत होता."

शर्वरीने आपलं सामान दुसऱ्या खोलीत हलवलं. त्यानंतर मेसमध्ये कुणी 'कशी आहेस' म्हटलं तरी ती विचारणाऱ्याच्या हातातल्या फोनकडे बघायची.

कोच सुनंदा लांजेवार मॅडम कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी शर्वरीला केबिनमध्ये बसवून सरळ सांगितलं, "दोन रस्ते आहेत. खेळ सोड, नाहीतर हा हादरा काढून टाक."

"म्हणजे बाबांना?"

"बाबांना नाही, वेडाबाई. बाबांच्या आवाजाला. रोज फटाके ऐकणारं कुत्रं दचकत नाही. तसंच."

त्यासाठी आवाज हवा होता, आणि तो बनवलेला नको, खरा हवा, असं मॅडमचं म्हणणं पडलं. बाबा एसटीने नागपूरला आले. नवा इस्त्रीचा शर्ट घालून ते माइकपुढे बसले. पहिल्यांदा लाजले. मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं बसवायचे तो उत्साह अंगात आला. कण्हले, खोकले, घरघर लावली. "शरू, मला श्वास घेता येत नाही गं. शरू, लवकर ये. एकदा दिसून जा गं मला." मग डोळे पुसत म्हणाले, "जमलं का, मॅडम? अजून एकदा करू? यात जरा जास्त झालं."

संध्याकाळी त्यांनी मुलीला सावजी हॉटेलात जेवू घातलं. निघताना बसच्या पायरीवर उभं राहून त्यांनी बजावलं, "हे बघ, शरू. मॅचच्या दिवशी कोणाचंच ऐकायचं नाही. मी सोता फोन करून मरून राहिलो म्हटलं तरी नाही. आधी खेळायचं, मग मले पाहायले यायचं."

दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या जिममध्ये तो आवाज मोठ्या स्पीकरवर लागायचा. शर्वरी रेषेवर उभी राहायची. वरून बाबा मरत असायचे आणि तिने फेकायचं. पहिल्या आठवड्यात ती रडायची, नाहीतर चेंडू टाकून कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. पट्टीचे आकडे भिंतीवर दिसत. आवाज लागला की ठोके दगडासारखे ताठ. तेव्हा मॅडमनी आणखी एक युक्ती शिकवली. नुसतं ऐकून घेतलं की घाव बसतो. उत्तर दिलं की आपण मालक होतो.

"काय उत्तर देऊ?"

"तो म्हणतो मी मरतो. तू म्हण, मर."

"मॅडम!"

"स्पीकर आहे तो. तुझा बाप घरी भजी खातोय. म्हण."

पहिल्यांदा तो शब्द तिच्या घशातून निघाला नाही. चार दिवसांनी पुटपुटत निघाला. मग सहज निघू लागला. "शरू, मला श्वास घेता येत नाही गं." "मर." आणि चेंडू जाळीतून सुळकन खाली. नेम धरण्याआधी श्वास सोडतात, तसा तो शब्द सुटायचा. ठोक्यांची ढील परत आली. आवाज लागला तरी हलेनाशी झाली.

हे उत्तराचं तिने बाबांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

हंगाम मध्यावर आला तोवर तिचं पान बदललं होतं. बाबा पहिल्यावरून पाचव्यावर, मग तळाला, मग दिसेनासे झाले. सट्टेवाल्यांनी नाना प्रकार करून पाहिले. आईचा अपघात, मामाची अटक, एकदा तर बाबांच्या फोटोला हार घातलेला. तिने सगळे फोन घेतले, उत्तर दिलं आणि खेळली. वर्तमानपत्रांनी तिला 'न हादरणारी' असं नाव दिलं. तिच्यावर पैज लावण्यात आता जोखीम नव्हती, त्यामुळे गंमतही नव्हती. त्याच एका अर्थाने ती सुटली होती.

रविवारी बाबांचा फोन आला, ठरलेल्या वेळी, सामना नसलेल्या दिवशी.

"उतरलो ना मी यादीतून?"

"हो, बाबा."

"कितव्या नंबरवर आहो आता?"

"नाहीच तुम्ही त्यात."

ते म्हणाले, "बरं झालं. बरंच झालं." आणि यंदा नदीला पाणी किती आहे, ते सांगू लागले.

अंतिम सामना पुण्यात होता. हाफ टाइमला शर्वरीचा संघ दोन गुणांनी मागे होता. मुली ड्रेसिंग रूममध्ये पाणी पीत होत्या. सगळ्यांचे फोन बंद करून पेटीत ठेवलेले होते. मॅडमचा तेवढा चालू होता. तो वाजला. मॅडमनी स्क्रीन पाहिली आणि हसल्या.

"आले बघ. फायनलला उशीरच केला यांनी. घे, उत्तर दे आणि चल."

व्हिडिओ कॉल होता. आई होती, तिच्या मागे हिरवा पडदा, सलाइनची बाटली. आईचा पदर खांद्यावरून घसरलेला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. "शरू, सकाळपासून लावून राहिले गं. भंडाऱ्याला आणलं त्यांना. डॉक्टर म्हणते वेळ नाही. बोल त्यांच्याशी."

मग बाबा दिसले. तोंडावर मास्क होता. त्यांनी तो हाताने बाजूला केला.

शर्वरीने बारकाईने पाहिलं. तिला आता सवय झाली होती. पडदा छान केलाय, तिला वाटलं. पदराची गोष्ट तर फारच छान. या वेळी कुणीतरी मेहनत घेतलीय.

"शरू," बाबा म्हणाले, "मले श्वास घेता येऊन नाही राहिला."

'मला'च्या जागी 'मले' घातलंय, तिने नोंदलं. रेकॉर्डिंगच्या वेळी बाबा शुद्ध बोलले होते. यांनी तेवढंही सुधारून घेतलं.

"मर," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फोन मॅडमच्या हातात दिला, मॅडमनी तो बंद करून पेटीत टाकला, आणि मुली टाळ्या वाजवत कोर्टवर गेल्या.

उत्तरार्धात शर्वरीला नऊ फ्री थ्रो मिळाले आणि नऊच्या नऊ आत गेले. शेवटचा चेंडू जाळीतून पडला तेव्हा संघ एका गुणाने पुढे होता आणि घड्याळ संपलं होतं. तिला खांद्यावर घेतलं. कॉमेंट्री करणारा म्हणाला की असं शांत हृदय त्याने आजवर पाहिलं नाही, आणि मोठ्या पडद्यावर तिच्या ठोक्यांची रेघ दाखवली. चांदीचा करंडक देताना राष्ट्रीय शिबिरात तिची निवड झाल्याचंही जाहीर झालं.

ड्रेसिंग रूममध्ये मॅडम पेटीजवळ उभ्या होत्या. फोन कानाला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. नागपूरहून प्रिन्सिपॉल बोलत होते. त्यांनी भंडाऱ्यातल्या ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये पाठवून खात्री करून घेतली होती.

"शर्वरी," मॅडम म्हणाल्या. "बस इथे."

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. "मॅच संपली ना," ती म्हणाली. "आता कायले?"

पवनीला ती पोहोचली तेव्हा बाबांना घाटावर न्यायची तयारी झालेली होती. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. दाढीचे खुंट हाताला टोचले. गल्लीत फोन उंच धरून काही लोक उभे होते. 'न हादरणारी रडणार का?' अशी पैज 'डाव'वर सकाळीच उघडली होती. शर्वरीला ते माहीत नव्हतं. तिला रडू आलं नाही, कारण ती आत जिथे हात घालायची तिथे काहीच हाताला लागत नव्हतं. चिता पेटल्यावर गर्दीच्या मागच्या टोकाला कुणाच्या तरी तोंडून दबका 'येस!' निघाला.

तेरावं झालं. पाहुणे गेले. शिबिराचं बोलावणं येऊन पडलं होतं. तिने जावं की नाही, यावर गल्लीतली पोरंसुद्धा पैजा लावत होती. दुपारी आई स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून बसली होती. इतक्या दिवसांत ती त्या फोनविषयी एक अक्षर बोलली नव्हती. शर्वरी समोर येऊन बसली.

"आई, मी फोन ठेवल्यावर बाबा काय म्हणाले?"

आईने वर पाहिलं. "तू ठेवल्यावर?"

"हो."

"त्यांनी ऐकलं," आई म्हणाली. "मले वाटलं त्यांना आता काही समजत नाही, पण त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं अन् मान हलवली. म्हणाले, ही शरू नव्हे. कोणीतरी तिचा आवाज बनवला. माझी पोरगी असं बोलणारच नाही. तू पुन्हा लाव." आई थांबली. "मी लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ते म्हणत राहिले, लाव, खरी शरू उचलंल. नर्सने मास्क लावला तरी ते बोटाने दाखवत होते, लाव. फोन त्यांच्या छातीवरच होता, मग... मग तसाच होता."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी पण मनाले तेच सांगून राहिली," आई म्हणाली. "पण मले झोप येत नाही, शरू. त्या सट्टेवाल्यांनी एकदा माझा फोन पळवला होता ना तसा मॅडमचाही पळवला असंल. असं होते ना? चेहरापण बनवते ना ते?" तिने शर्वरीचं मनगट धरलं. "माझी शपथ आहे तुले. ती तूच होतीस का?"

शर्वरीने श्वास घेतला आणि सोडला. तिला वाटलं होतं आपला आवाज फुटेल. तो फुटला नाही.

"नाही, आई. माझ्याकडे फोन आलाच नाही. ते बनवलेलं होतं."

आईच्या तोंडून एक लांब हुंदका बाहेर पडला. मग तेरा दिवसांचं सगळं एकदम वाहू लागलं. तिने लेकीला पोटाशी धरलं, तिच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. "मले माहीतच होतं. मले माहीतच होतं, माय माझी. तुझे बाबा खरंच बोलत होते." आणि मग त्याच श्वासात ती त्या आवाजाला शाप देऊ लागली. "जिने कोणी माझ्या माणसाच्या कानात तो शब्द टाकला, तिच्या जिभेत किडे पडतील. तिच्या मरणाले कोणी जवळ राहणार नाही. पाणी पाणी करत मरंल रांड, कोणी थेंब घालणार नाही तिच्या तोंडात."

शर्वरी आईच्या मांडीत डोकं ठेवून ते सगळं शेवटपर्यंत ऐकत होती, आणि आई तिला थोपटत होती.